कुंडीतली चोपण जमीन

दिवस २३. उंची ११ सेंटीमीटर. शेंड्याजवळ पांढरे तंतू दिसायला लागले.

फेब्रुवारी २०२३ मधली माझ्या वहीतली ही नोंद, गांजाच्या एका रोपाची. ती लिहिताना माझ्या पोटात खड्डा पडला होता. पांढरे तंतू म्हणजे फुलोऱ्याची सुरुवात. वीतभरसुद्धा न झालेलं रोप, पानांच्या जेमतेम चार जोड्या, त्यातली खालची जोडी कडेनं करपलेली, आणि ते फुलायला निघालं होतं. मी द्राक्षबागायतदाराची मुलगी. पीक असं डोळ्यांदेखत वाया जाताना बघायची मला सवय नाही, आणि व्हायलाही नको.

आम्ही कॅनडात, ऑन्टारियोतल्या किचनर गावात राहतो. घर स्वतःचं आहे. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात असते. बेसमेंटमधल्या कुलपाच्या खोलीत मी गांजाची चार झाडं वाढवते. इथं त्याला कायद्यानं परवानगी आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात हा कायदा लागू झाला. ऑन्टारियोत वयाची १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी चार झाडं लावता येतात; चार म्हणजे घरटी चार, माणशी नव्हे. बी परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं आणि घरी पिकवलेलं विकायचं नाही. क्यूबेकमध्ये घरी एकही झाड लावता येत नाही. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे. भारतात मात्र एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गावाकडच्या कुणीही हे वाचून कुंडी भरायला घेऊ नये, आणि इथल्या कुणी गावी जाताना बॅगेत बी टाकू नये. हे मी मनापासून सांगते आहे.

आता त्या ११ सेंटीमीटरच्या रोपाकडे येते.

मी लावते ते ऑटोफ्लॉवर जातीचं बी. एरवी गांजाचं झाड दिवस लहान व्हायला लागले, रात्र वाढली की फुलतं. ऑटो जातीला रात्रीशी देणंघेणं नाही. ती वयानं फुलते. हा गुण तिच्यात रुडेरालिस नावाच्या रानटी वाणातून आला आहे. यानिशेव्स्की नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये त्याचं वर्णन केलं. रुडेरा म्हणजे लॅटिनमध्ये पडझडीचा राडारोडा. असल्या पडीक जागी, आखूड उन्हाळ्याच्या मुलखात वाढणारं हे बुटकं झाड. थंडी दाराशी आलेली असते, म्हणून रात्र वाढायची वाट न बघता ते तीन-चार आठवड्यांत फुलायला लागतं आणि बीपासून ७० ते ९० दिवसांत सगळं उरकतं.

याचा अर्थ घरी लावणाऱ्यानं नीट समजून घ्यायला हवा. साध्या जातीचं रोप आजारी पडलं तर दिवे १८ तास चालू ठेवून त्याला महिनाभर सावरू देता येतं. ऑटोचं घड्याळ थांबत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत दहा दिवस वाया गेले तर ते गेलेच. नंतर कितीही खत घाला, झाड तेवढंच राहतं. दिव्याचे तास वाढवून ते पुन्हा पालेदार वाढीवर येत नाही.

आमच्याकडे, सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, द्राक्षाचं वय छाटणीपासून मोजतात. ‘बाग किती दिवसांची?’ असं विचारलं की शेतकरी झोपेतसुद्धा ‘बेचाळीस’ म्हणून सांगतो. कोणत्या दिवशी विरळणी, कोणत्या दिवशी फवारणी, सगळं त्या आकड्यावर. ऑटो लावणारेही असेच दिवस मोजतात हे कळल्यावर मला हे पीक एकदम ओळखीचं वाटलं होतं. आपल्याला जमेल, असं वाटलं होतं.

पहिल्या खेपेला चारातली दोन रोपं सहाव्या-सातव्या दिवशी कोलमडली. बुडाशी देठ सुतासारखा बारीक झाला आणि सकाळी रोप आडवं. तंबाखूच्या, मिरचीच्या तरव्यात हे मी लहानपणी पाहिलं आहे. वाफा सतत ओला राहिला की बुरशी रोपाचं बूड खाते. राहिलेली दोन रोपं जगली, पण खुरटली. त्यातलं एक ते ११ सेंटीमीटरचं. दोन्ही झाडांचा मिळून सुकलेला माल भरला ९ ग्रॅम.

चूक कुठं झाली ते मला खूप नंतर, आणि तेही आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका शब्दामुळं कळलं. तो शब्द म्हणजे वाफसा.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस पडून गेलाय, जास्तीचं पाणी निथळलंय, माती ओली आहे पण चिकटत नाही, मूठ दाबली की गोळा होतो आणि खाली टाकला की फुटतो. मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे. मूळ जगतं ते या अवस्थेत. पाण्यात बुडालेल्या मुळाला श्वास घेता येत नाही, आणि श्वास नसलेलं मूळ समोर पाणी आणि खत दोन्ही असूनही उपाशी राहतं.

मी काय करत होते? ऑटोची मुळं हलवायची नाहीत, कुंडी बदलली की आठवडा बुडतो, म्हणून बी थेट ११ लिटरच्या कुंडीत टोकलं होतं. ते बरोबरच होतं. पण पाणीही ११ लिटरच्या कुंडीला शोभेल असं घालत होते. दोन पानांचं रोप आणि रोज सकाळी लिटरभर पाणी! एवढ्याशा मुळाला ते कधी संपणार? बेसमेंटमध्ये ऊन नाही, वारा नाही, पीटची, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची, माती पाणी धरून ठेवते. कुंडीत चिखल झाला होता आणि वरून पान सुकल्यासारखं मान टाकत होतं, म्हणून मी आणखी पाणी घालत होते.

पान मान टाकतं तेव्हा त्याला हात लावून बघा. तहानलेलं पान पातळ आणि मऊ लागतं, कागदासारखं लोंबतं. जास्त पाण्यानं खाली वाकलेलं पान भरलेलं, टणक असतं. देठापासून टोकापर्यंत त्याची कमान होते. बोटांना हा फरक एकदा कळला की पुन्हा चुकत नाही. मला तो कळायला दोन रोपं गमवावी लागली.

आता माझी पद्धत अशी आहे. पहिले दहा दिवस रोपाभोवती टीचभर अंतरावर गोल करून १०० ते १५० मिलिलिटर पाणी, तेही वरचा बोटभर थर सुकल्यावरच. नंतर कुंडी वजनानं ओळखायची. भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला आकड्याचा काटा घरात होताच. माझ्या कुंड्या कापडी आहेत, त्यांना कान आहेत, काट्याला टांगल्या की वजन कळतं. पाणी पिऊन निथळलेली कुंडी ७.२ किलो भरते. ती साडेचार किलोवर आली की पाणी. मधल्या दिवसांत फक्त बघायचं. आणि हे नुसतं बघणं मला सगळ्यात जड जातं.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन झाडं मागच्या डेकवर लावली. इथं मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते. ती होऊन गेल्यावरच टोमॅटो-मिरची बाहेर लावायची, कारण त्याआधी रात्री दव गोठून रोपं जळू शकतात. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टोकलं, बागेच्या नळीनं पाणी घातलं, आणि ऑगस्टच्या शेवटाला तिन्ही झाडं माझ्या कमरेपर्यंत आली होती. एकाही पानावर डाग नाही. मला वाटलं, आता आलं.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा बेसमेंट. माती तीच, बी तेच, पाण्याचा हात आवरलेला, वाफसा अगदी चोख. पंधरा दिवस रोपं छान चालली. अठराव्या दिवशी खालच्या पानांची टोकं तपकिरी झाली. विसाव्या दिवशी कडा करपल्या. मग वरच्या कोवळ्या पानांवर गंजासारखे ठिपके आले आणि नवी फूट वाकडी निघायला लागली.

इथं मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात, म्हणून ती सविस्तर लिहिते. ठिपके बघून मला वाटलं, कॅल्शियम कमी पडलं. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणली, घातली. दोन दिवसांत फरक नाही. मग वाटलं, भूक असेल. फुलोऱ्याचं खत सुरू केलं, डब्यावर लिहिलं होतं तेवढ्या पूर्ण मात्रेनं. टोकं आणखी जळली. मग वाटलं, दिवा जवळ आहे. दिवा वर घेतला. मग पीएच. पाच दिवसांत चार उपाय. त्यातला कुठला लागू पडला, कुठला नडला, हे कळायला काही वावच उरला नव्हता. आणि घड्याळ चालूच होतं.

शेवटी रात्री आबांना फोन लावला. त्यांची सकाळची वेळ, बागेत चक्कर मारून आले होते.

‘‘आबा, कुंडीतलं एक झाड आहे. पानं कडेनं करपतायत.’’

‘‘कुठलं झाड?’’

मी टोमॅटो म्हणून सांगितलं.

‘‘कितवा दिवस?’’

‘‘सव्विसावा. फुलायला लागलंय.’’

‘‘टोमॅटो सव्वीस दिवसात फुलतंय व्हय गं?’’

चोपन्न वर्षं शेती केलेल्या माणसाशी खोटं बोलणं सोपं नाही. मी गप्प राहिले आणि मग सांगून टाकलं. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. आमच्या घरात कुणी तंबाखूसुद्धा खाल्लेली नाही. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

‘‘कायद्यात बसतंय का तितं?’’

‘‘बसतंय, आबा. चार झाडांपर्यंत.’’

‘‘मग हाय ते सांगायचं. पीक चोरून दाखवलं की औषध चुकतंय. जुनं पान का नवं?’’

त्या प्रश्नानं माझं डोकं ताळ्यावर आलं. झाडात नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम हे इकडून तिकडे फिरू शकतात; कमी पडले की झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खुणा खालच्या पानांवर आधी दिसतात. कॅल्शियम आणि लोह एकदा बसले की जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता वरच्या कोवळ्या पानावर दिसते. द्राक्षाचं देठ परीक्षण करताना कितव्या पानाचा देठ काढायचा हे ठरलेलं असतं, त्यामागं हेच कारण. मी लहान असताना आबांबरोबर देठ पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यायला गेले आहे. आणि तरी मी वर-खाली न बघता बाटल्या ओतत होते.

‘‘दोन्ही,’’ मी म्हटलं. ‘‘खालची कडेनं जळतायत, वरची वाकडी येतायत.’’

‘‘दोन्ही म्हंजी खाणं कमी न्हाई. मुळाशी कायतरी नडतंय. पाणी कुठलं घालतीयास?’’

‘‘नळाचं.’’

‘‘उन्हाळ्यात कुठलं घालत हुतीस?’’

‘‘नळाचंच.’’

आणि बोलता बोलता मला दिसलं. दोन्ही नळाचं, पण नळ एक नव्हता.

किचनर-वॉटर्लू भागाला बरंचसं पाणी जमिनीखालून मिळतं, आणि ते फार जड आहे. किटलीत पांढरा थर बसतो, केस राठ होतात. म्हणून इथं घरोघरी बेसमेंटमध्ये पाणी मऊ करायचं यंत्र असतं. त्यात आपण मिठाची पोती ओततो. आतल्या राळेच्या मण्यांवर पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अडकतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतो. घरातल्या सगळ्या नळांना हेच पाणी. फक्त बागेचा बाहेरचा नळ यंत्राच्या आधीच फुटलेला असतो. उन्हाळ्यात मी त्या नळाचं, जमिनीतून आलेलं जड पाणी घालत होते. हिवाळ्यात तो नळ गोठून फुटू नये म्हणून आतून बंद करतात. त्यामुळं बेसमेंटमधल्या झाडांना नोव्हेंबरपासून मी रोज सोडियमचं पाणी पाजत होते. पहिल्या खेपेच्या रोपांनाही तेच.

हे आबांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘चोपण केलीस की गं जमीन.’’

चोपण हा शब्द आमच्या घरात हलका नाही. ओढ्याकडची आमची तीस गुंठे जमीन माझ्या शाळेच्या वयात चोपण झाली. कृष्णाकाठच्या गावांत ही गोष्ट घरोघरी आहे: उसाला मोकाट पाणी, निचरा नाही, खालचे क्षार वर आले. चोपण म्हणजे सोडियम साचलेली जमीन. ओली असताना लोण्यासारखी, सुकली की फरशीसारखी. पाणी वर तुंबतं, आत जात नाही. त्या तुकड्यात आबांनी आधी निचऱ्याचे चर काढले, मग जिप्सम टाकलं, ताग गाडला. सहा वर्षांनी तिथं पुन्हा गहू आला, द्राक्ष कधीच आलं नाही. जिप्समचं काम काय, तर त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हटवून त्याची जागा घेतो, आणि मग सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निचऱ्यातून बाहेर काढायचा. निचरा नसेल तर जिप्समही वाया.

पीटच्या मातीत चिकण नसते, त्यामुळं कुंडीतली माती आमच्या ओढ्याकडच्या रानासारखी थापली जात नाही. पण सोडियम साचतोच, आणि तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांना मुळाशी नडतो. म्हणून नव्या फुटीवर कॅल्शियम नसल्याच्या खुणा होत्या आणि जुन्या पानांच्या कडा मिठानं जळत होत्या. त्यावर मी खताचे क्षार ओतून मीठ वाढवत होते.

दुसऱ्या दिवशी ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, मोजायचा पेनाएवढा मीटर आणला. हा मीटर क्षार किती आहेत ते सांगतो, कुठले ते सांगत नाही, तरी तो आधी घ्यायला हवा होता, खतांच्या बाटल्या नंतर. कुंडीत पाणी घालून खालून निथळलेलं पाणी मोजलं: ४.१. या वयाच्या झाडाला मी आता १.० ते १.४ च्या पुढं पाणी देत नाही. चारही कुंड्यांचे आकडे साडेतीनच्या वर होते.

यंत्राला बगल देणारी एक कळ असते. ती फिरवली, नळ थोडा वेळ वाहू दिला आणि बादल्या भरून घेतल्या. हे पाणी जड, म्हणजे कॅल्शियमवालं, अगदी हवं तसं. त्याचा पीएच चढा होता, तो थोडं आम्ल घालून ६.३ वर आणला. कुंड्या विटांवर ठेवल्या आणि प्रत्येकीतून हळूहळू तीस लिटर पाणी सोडलं. जिप्सम घातलं नाही. पाण्यातच ते काम करणारा कॅल्शियम होता आणि निचरा उत्तम होता. शेवटच्या पाण्यात खताची पाव मात्रा दिली, कारण धुताना चांगलंही वाहून जातं. निथळ १.६ वर आली. मग पंखा लावला आणि कुंड्या वाफशावर येईपर्यंत पाच दिवस काही केलं नाही. अक्षरशः काही नाही. खोलीला कुलूप लावून किल्ली नवऱ्याकडे दिली.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, हे ध्यानात ठेवा. औषध लागू पडलं की नाही ते जुन्या पानावर शोधू नका. नवी फूट बघा. सहाव्या दिवशी नवी पानं सरळ निघाली होती. झाडं गुडघ्याच्याही खाली राहिली, कारण दिवस गेले होते, पण चारही पूर्ण झाली. नंतर प्लंबरला बोलावून यंत्राच्या आधी एक वेगळा नळ काढून घेतला.

बाकीच्या अडचणी यापुढं लहान आहेत, पण त्यांनीही दिवस खाल्ले. बेसमेंटची सिमेंटची जमीन जानेवारीत इतकी थंड असते की कुंडीच्या तळाशी मी १५ अंश मोजले, खोली २३ अंशांवर असताना. थंड मुळाला स्फुरद उचलता येत नाही. देठ जांभळे पडतात, वाढ थांबते, आणि माणूस स्फुरदाचं खत आणायला धावतो. मी कुंड्यांखाली थर्माकोलची जाड पाटी आणि वर लाकडी फळी टाकली. तेवढ्यानं काम झालं. घर तापवणाऱ्या भट्टीच्या गरम हवेनं हिवाळ्यात घर इतकं कोरडं पडतं की लहान रोपांना त्रास होतो. पहिले दोन आठवडे मी ओला टॉवेल आणि छोटं वाफेचं यंत्र वापरते, फुलोरा भरताना मात्र दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आत. भरलेल्या फुलात शिरणारी करडी बुरशी आणि पावसात सापडलेल्या द्राक्षाचे घड सडवणारी बुरशी एकच आहे, बोट्रायटिस. तिला मी ओळखते आणि घाबरते.

मातीवर चिलटं भुरभुरायला लागली तर समजा, वाफसा नाही. पिवळे चिकट सापळे लावा, पण खरं औषध वरचा थर सुकवणं हेच. लाल कोळी ही कीड आली तर पानाच्या मागं भिंगानं बघा, रोपटं असतानाच पानं पाण्यानं धुऊन काढा. आपल्याला निंबोळी तेलाची सवय असते. कॅनडात त्याची कीटकनाशक म्हणून नोंदणी नाही, आणि फुलावर तर कसलीच फवारणी नको. ते फूल माणसाच्या पोटात किंवा छातीत जाणार आहे.

आणि कात्री! द्राक्षाची खरड छाटणी आणि गोडी छाटणी बघत वाढलेल्या माणसाचे हात शिवशिवतात. शेंडा खुडला की बगलफुटी येतात हे आपल्या रक्तात आहे. पण द्राक्षवेलीपाशी पुढचं वर्ष असतं, ऑटोपाशी पुढचा महिनाही नसतो. धडधाकट झाड असेल तर तिसऱ्या आठवड्यात फांद्या दोरीनं हलक्या वाकवून आडव्या बांधा, उजेड सगळ्यांना मिळेल. आजारी झाडाचं एक पानही तोडू नका, करपलेलं असलं तरी. अर्धं हिरवं पान अजून अर्धं काम करत असतं. शेवटच्या पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडतात तो आजार नव्हे, पीक पिकतंय.

आबा आता दर आठवड्याला विचारतात. गांजा म्हणत नाहीत, ‘तुझी बाग’ म्हणतात. मागच्या रविवारी व्हिडिओवर तिसरी कुंडी दाखवली. दिवस १९, उंची २४ सेंटीमीटर, मधल्या पानांच्या शिरांमध्ये किंचित फिकटपणा. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत होते.

‘‘वजन किती?’’

‘‘पाच किलो आठशे.’’

‘‘मग थांब अजून दोन दिस. मॅग्नेशियम वाटतंय, पर आधी वाफशावर यिवू दे. पाणी त्याच नळाचं न्हवं?’’

‘‘त्याच नळाचं, आबा.’’

आज सकाळी कुंडी ४.७ भरली. फिकटपणा तेवढाच आहे, वाढलेला नाही, वरची दोन पानं हिरवी आहेत. उद्या पाणी देईन, नुसतं, आणि निथळ मोजेन.